भावाच्या रकान्यातली रेघ

भावकाकांच्या घरचा फोन दुपारी जेवणाच्या वेळी वाजला नाही, असा दिवस विरळाच. जुने कॅमेरे जमवणाऱ्या माणसांना भूक लागत नाही, असं काकांचं ठाम मत झालं होतं. त्यांना बायकाही नसाव्यात. घरात बायको असलेला माणूस भर जेवणाच्या वेळी दुसऱ्याला फोन करून भिंगाला आलेल्या बुरशीचं वर्णन करत बसेल कशाला? काका पहिला घास उचलायचे आणि फोन वाजायचा. मी उठणार नाही, अशी ते मान हलवायचे. मग काकू उठायच्या, हात पुसायच्या आणि फोनवर विचारायच्या, शटर सरकतं का नीट, सरकतं ना, मग पुस्तकातला भाव. बुरशी आहे का, बरीच आहे, मग निम्मा समजा. हो, काका आहेत घरी, पण जेवताना ते फार चिडतात.

चिडतात हे खरं होतं. जेवणाआधी आणि जेवणानंतरही चिडायचे, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. भावकाका हे नाव त्यांना कॅमेरेवाल्या मंडळींनीच दिलं होतं. घरात कोणी भाव देत नाही म्हणून बाहेर भाव सांगत फिरतात, असा विनोद त्यांचा मेहुणा प्रत्येक मेळाव्यात करायचा आणि सर्वांत आधी स्वतःच हसायचा.

खरं तर काकांचा आणि कॅमेऱ्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यांचा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला. गाड्यांची वेळापत्रकं, शाळेची पुस्तकं, टेलिफोनची डिरेक्टरी, औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मुंगीएवढ्या अक्षरांतले कागद, सगळं त्यांच्या लाल शाईखालून गेलेलं. त्यामुळे छापील अक्षरावर त्यांचा तिळमात्र विश्वास नव्हता. ते अक्षर तिथे कसं येऊन बसतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. शिशाची अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याला डुलकी लागली की अक्षराचा खिळा उलटा बसतो. एकदा तर दिव्याखाली मेलेली माशी अनुस्वार म्हणून छापली गेली होती आणि वाचणाऱ्यांनी ती मुकाट्याने नाकात उच्चारली होती.

निवृत्त झाल्यावर खुर्चीत बसायचं आणि कुठलाही मजकूर वाचायचा नाही, असा त्यांचा साधा बेत होता. तो मेहुण्याने उधळला. मेहुणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. नोकरी पाणीपुरवठा खात्यात, लोकांचे मीटर तपासायची. बाकी सगळा जीव जुन्या कॅमेऱ्यांत. गावात अशा जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्यात एक दातांचे डॉक्टर होते, बँकेतला एक रोखपाल होता, लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण होता, जुने कॅमेरे विकणारा एक चष्मेवाला होता, आणि मेहुणा चिटणीस होता. ही मंडळी एकमेकांकडून कॅमेरे घ्यायची आणि मग दोन-दोन महिने अबोला धरायची. घेणाऱ्याला वाटायचं आपण फसलो, विकणाऱ्यालाही वाटायचं आपण फसलो. एकाच व्यवहारात दोघंही कसे फसतात, हे काकांना कधी कळलं नाही. शेवटी ही भांडणं मिटावीत म्हणून भावांचं पुस्तक काढायचं ठरलं. ते करणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा मेहुणा उठून म्हणाला, आमचे भाऊजी निवृत्त आहेत, रिकामेच असतात. भाऊजींना आधी विचारायची पद्धत त्या घराण्यात नव्हती.

पुस्तक उपयोगी पडलं, हे काकाही कबूल करायचे, दातओठ खात का होईना. एकदा एक म्हातारी नवऱ्याच्या माघारी त्याचे कॅमेरे पिशवीत भरून चष्मेवाल्याकडे गेली. चष्मेवाला म्हणाला, मोडीत घालण्याजोगा माल आहे, तुमच्याकडे बघून घेतो. म्हातारीने पिशवीतून भावपुस्तक काढलं, चष्मा लावला, एकेक पान उलटून पाहिलं आणि पिशवी काखेत मारून घरी निघून गेली. हा प्रसंग कोणी सांगितला की काकांचा चेहरा थोडा सैल व्हायचा. पुस्तक असावं ते यासाठी, असं ते म्हणायचे. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला निदान किती फसवलं जातंय एवढं तरी कळावं.

पण मंडळातल्या लोकांना सगळंच ठाऊक होतं. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर काकांनी ठळक अक्षरांत छापलं होतं की इथला भाव म्हणजे मागे कोणीतरी कोणालातरी दिलेला भाव, तो तुम्हाला मिळेलच असं नाही. हे पान कोणी वाचलं नाही. त्याच पानावर आणखी एक खुलासा होता. ज्या वस्तूची खरेदी-विक्री झाल्याचं ऐकिवात नाही, तिच्या भावाच्या रकान्यात आडवी रेघ दिली आहे. रेघ म्हणजे माहीत नाही. तो तर कोणीच वाचला नाही. मंडळींनी आपलं आपणच ठरवून टाकलं की रेघ म्हणजे भावाच्या पलीकडची वस्तू. घरात एखादा रेघेचा कॅमेरा असलेला माणूस मेळाव्यात असा भाव खायचा की चहासुद्धा स्वतः उठून घ्यायचा नाही.

आता काळ्या चकोराची गोष्ट.

चकोर नावाचा एक साधा पेटीचा कॅमेरा पूर्वी मिळायचा. पहिला चकोर, मग दुसरा चकोर, मग कारखाना बंद. दोन्ही चंदेरी. चकोर कधी काळा निघालाच नाही. तो काळा झाला तो काकांच्या हातून, आणि तोही फोनमुळे.

झालं असं की पुस्तकाचा मजकूर मेहुण्याने स्वतःच्या हाताने लिहून दिला होता, आणि मेहुण्याचं अक्षर वाचायचं म्हणजे मीटरचा आकडा ओल्या काचेतून वाचण्यातला प्रकार. चकोर दुसराच्या पुढे त्याने लिहिलं होतं, "काळ. दु." जुळाऱ्याने ते तसंच जुळवलं. प्रूफ वाचताना काकांनी समासात शंका लिहिली, "काळा? दुर्मीळ?" आता, समासात लिहिलेलं सगळं जुळाऱ्याने मजकुरात घालायचं असतं, फक्त ज्याच्याभोवती वर्तुळ आहे ते घालायचं नाही, ती लेखकाला विचारलेली शंका असते. जन्मभर काकांनी शंकेभोवती वर्तुळ काढलं. त्या दिवशीही काढायला घेतलं होतं. अर्धं झालं आणि फोन वाजला. रोखपालाला तातडीने जाणून घ्यायचं होतं की कॅमेऱ्याची कातडी पिशवी कुत्र्याने चावलेली असेल तर भाव किती उतरतो. काका त्याच्यावर इतके चिडले की फोन आपटून परत आल्यावर त्यांनी सरळ पुढचं पान घेतलं. वर्तुळ उघडंच राहिलं.

जुळाऱ्याने वर्तुळ पाहिलं, ते मिटलेलं नाही हेही पाहिलं, आणि त्याने दोन्ही शब्द मजकुरात घातले. प्रश्नचिन्हं वगळली. भावाच्या पुस्तकात प्रश्न कशाला, असं त्याला वाटलं. भाव दिलेला नव्हता म्हणून रकान्यात आडवी रेघ टाकली. शेवटचं प्रूफ मेहुण्याने पाहिलं. "चकोर दुसरा, काळा, दुर्मीळ" असं वाचून तो चमकला आणि मनात म्हणाला, भाऊजींना काहीतरी सापडलेलं दिसतंय. आपणच लिहिलेलं "काळजीपूर्वक दुरुस्त" त्याला ओळखू आलं नाही. पुस्तक बाजारात गेलं.

काकांना चूक दिसली ती पुस्तक हातात पडल्या पडल्या. कपाळावर हात मारून घेत त्यांनी शुद्धिपत्र छापलं आणि प्रत्येक प्रतीत एक चिठ्ठी घातली. बऱ्याच जणांची चिठ्ठी पुस्तक उघडताच खाली पडली. ज्यांनी वाचली त्यांनी एकमेकांना डोळा मारला. काळा चकोर नाहीच म्हणतात काका, म्हणजे कुठेतरी आहे, आणि तो काकांना स्वतःला हवाय. पुढच्या आवृत्तीत काकांनी ती ओळच काढून टाकली. तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी खास घरी येऊन अत्यंत आदबीने विचारलं की काळा चकोर आता पुस्तकात मावेनासा झाला का? काका भर मेळाव्यात उभे राहून ओरडले की काळा चकोर ही माझी चूक आहे, असा कॅमेरा जन्मालाच आलेला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या विनयाने बोलणारा जाणकार आता दिसत नाही, असं लिफ्टवाला म्हणाला.

शेवटी व्हायचं तेच झालं. चष्मेवाल्याकडे काळा चकोर आला.

मेहुणा धावतपळत काकांना घेऊन दुकानात गेला. चष्म्यांच्या चौकटींच्या मागे, मऊ कापडात गुंडाळलेला कॅमेरा चष्मेवाल्याने दोन्ही हातांनी काढला. काकांना कॅमेऱ्यातलं फारसं कळत नसलं तरी छापखान्यात जन्म गेल्यामुळे ओल्या रंगाचा वास कळत होता. मेहुण्याने कॅमेरा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, परत दिला. त्याचा अंगठा काळा झाला होता. काकांनी तो अंगठा धरून त्याच्याच डोळ्यांसमोर नाचवला. मेहुणा म्हणाला, त्या काळचे रंग असेच सुटायचे भाऊजी, हीच तर खूण आहे. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण दुकानात आणखी गिऱ्हाईकं होती.

चष्मेवाल्याला काळ्या चकोराचे पैसे नको होते. पैसे घेतले असते तर ते किती, असा प्रश्न आला असता आणि पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत तर रेघ होती. त्याने मेहुण्याचे चार बरे कॅमेरे मागितले, आणि वर, दुकानाच्या काचेत शोभेला ठेवायला, त्याच्या घरातला एक जुना लाकडी कॅमेरा मागितला. मोठा, पेटीसारख्या घड्याघड्यांच्या भात्याचा, तिवईवर उभा राहणारा. त्याच्यावर चष्मे टांगले की गिऱ्हाईक थांबेल, असं तो म्हणाला. मेहुणा लगेच कबूल झाला. सौदा मेळाव्याच्या दिवशी, सगळ्यांच्या समोर व्हायचा होता.

तो लाकडी कॅमेरा काकांच्या सासऱ्यांचा. सासरे, म्हणजे काकूंचे वडील, फोटोग्राफर होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता आणि त्या कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं खुपसून त्यांनी अर्ध्या गावाला हसा म्हणून सांगितलं होतं. ते गेल्यावर स्टुडिओतलं सामान मुलाकडे, म्हणजे मेहुण्याकडे आलं. काकूंनी काही मागितलं नाही, त्यांना कोणी विचारलंही नाही. फक्त भावाकडे गेल्या की आधी त्या कॅमेऱ्याजवळ जायच्या आणि भात्याच्या घड्यांवरून बोट फिरवायच्या. भात्यावर एका कोपऱ्यात ठिगळ होतं. बोट तिथे थांबायचं. मग आत जाऊन चहा घ्यायच्या.

ते ठिगळ काकूंनीच लावलेलं. शाळेत होत्या तेव्हा. उंदराने रात्रीतून भाता कुरतडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका शाळेचे सगळे वर्ग फोटोला यायचे होते. नवा भाता कुठून आणणार? सासरे डोकं धरून बसले. काकूंनी घरातल्या छत्रीचं कापड कापलं, चांभाराचा जाड दोरा आणला, भोक शिवलं आणि वरून खळीत काजळी कालवून फासली. फोटो स्वच्छ आले. एक किरण आत शिरला नाही. त्यानंतर सासऱ्यांनी भाता कधी बदललाच नाही. हा कॅमेरा आता आपल्या दोघांचा, असं ते लेकीला म्हणाले होते. मेहुणा तेव्हा पाळण्यात होता.

सौद्याची बातमी काकांनी घरी सांगितली तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. निवडलेली भाजी त्यांनी पुन्हा निवडायला घेतली.

"तू त्याला सांग ना," काका म्हणाले. "तुझा भाऊ आहे. म्हण, मला हवाय तो."

"मागून घेतला तर तो त्याने दिलेला होईल," काकू म्हणाल्या. "तो माझाच आहे अहो. माझी वस्तू मी मागू कशी?"

काकांना हे पटलं आणि पटल्यामुळे ते आणखी चिडले. त्यांनी स्वतः जाऊन मेहुण्याला सांगितलं की ताईचा त्या कॅमेऱ्यात जीव आहे. मेहुण्याला नवल वाटलं. ताईने कधी बोलूनही दाखवलं नाही, तो म्हणाला. हवा असेल तर तिला मी दुसरा देतो, चांगला, बुरशी नसलेला. या लाकडी धुडात काय आहे? भाता फाटलेला, वर कोणीतरी कसंबसं ठिगळ मारलेलं. मग त्याने शेल्फातून भावपुस्तक काढलं आणि काकांचंच वाक्य काकांना वाचून दाखवलं: भाता दुरुस्त केलेला असल्यास निम्मा भाव.

आपण छापलेलं वाक्य आपल्याच तोंडावर फेकलं जाण्याची काकांना सवय होती, पण हे जरा जास्त झालं. त्यांनी शेवटचा उपाय काढला. मेहुण्याने लिहून दिलेला मूळ मजकूर त्यांनी जपून ठेवला होता. तो कागद त्यांनी त्याच्या नाकासमोर धरला.

"वाच. तुझंच अक्षर आहे."

मेहुण्याने कागद लांब धरला, मग जवळ धरला. "काळा, दुर्मीळ," तो म्हणाला.

"काळजीपूर्वक दुरुस्त. खालच्याच ओळीत तू ते पुरं लिहिलंयस."

मेहुण्याने खालची ओळ पाहिली नाही. तो वरच्याच ओळीकडे पाहत राहिला आणि त्याचे डोळे हळूहळू भरून आले. "म्हणजे काळा चकोर पहिल्यांदा मी लिहिला होता भाऊजी," तो म्हणाला. "आणि मला वाटत होतं, शोध तुमचा."

काका घरी आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले. ज्या माणसाला स्वतःचं अक्षर वाचता येत नाही, तो छापलेलं मात्र डोळे मिटून खरं मानतो. हे मनात आलं आणि काका उठले. मेळाव्यात नवी आवृत्ती वाटायची होती. पानं छापखान्यात अजून जुळवून पडलेली होती.

आयुष्यात त्यांनी जाणूनबुजून एक काना चुकीचा जाऊ दिला नव्हता, आणि आताही जाऊ देणार नव्हते. छापखान्यात उभ्या उभ्या त्यांनी लाकडी कॅमेऱ्यांच्या पानावर एक ओळ घातली. "शिवलेला भाता, काळं कापड, जाड दोरा. आजवर एकच पाहण्यात." आणि भावाच्या रकान्यात आडवी रेघ. मग ते प्रत्येक शब्द बोट ठेवून तपासत बसले. भाता शिवलेला होता. कापड काळं होतं. दोरा जाड होता. एकच पाहण्यात होता, कारण दुसरा असणारच कसा? आणि भाव खरोखरच माहीत नव्हता. सबंध पुस्तकात इतकी निर्दोष ओळ दुसरी नव्हती. जुळाऱ्याने विचारलं, निम्मा भाव लिहायचा राहिला का? काका म्हणाले, रेघच ठेव.

मेळावा शाळेच्या सभागृहात होता. टेबलावर एका बाजूला काळा चकोर, दुसऱ्या बाजूला मेहुण्याचे चार कॅमेरे, आणि मागे तिवईवर सासऱ्यांचा तो लाकडी. काकू मुद्दाम शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, यायचं नाही म्हणत म्हणत आलेल्या. पुस्तकं वाटली गेली. सवयीप्रमाणे कोणी पहिलं पान वाचलं नाही, जो तो आपल्याकडचा कॅमेरा शोधायला लागला. आधी चष्मेवाल्याचं बोट एका ओळीवर थांबलं. त्याने हळूच मान वर करून भात्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं, घाईघाईने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, चला, उशीर कशाला, उरकून टाकू. वर तो म्हणाला की तुमचे चार कॅमेरे राहू द्या तुमच्याकडेच, मी काय तुम्हाला परका आहे, नुसता लाकडी दिलात तरी चालेल.

चष्मेवाला काही सोडतोय म्हटल्यावर मेहुण्यालाही संशय आला. त्याने पुस्तक उघडलं. ओळ वाचली. पुन्हा वाचली. रकान्यातल्या रेघेवर त्याचं बोट फिरलं. मग तो उठला आणि त्याने तिवईसकट कॅमेऱ्याला मिठी मारली. चष्मेवाला म्हणाला, शब्द दिलाय तुम्ही. मेहुणा म्हणाला, शब्द शिवलेल्या भात्याचा नव्हता दिला, फाटक्या भात्याचा दिला होता. दोघांमध्ये जुंपली. डॉक्टर मध्ये पडले. त्या गडबडीत चकोर कोणाच्यातरी पांढऱ्या शर्टावर घासला गेला आणि थोडा चंदेरी झाला, पण तिकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

काकांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. काकू पुस्तक उघडून बसल्या होत्या. त्यांनी ओळ वाचली होती हे काकांना लांबूनच कळलं, कारण त्या पुस्तकाकडे पाहत नव्हत्या, काकांकडे पाहत होत्या. अनेक वर्षांत काकांना इतका भाव कोणी दिला नव्हता.

आता सगळं ठीक झालं, असं समजून काका थोडे दिवस शांत होते. चिडायची कारणं संपली की काय, अशी त्यांना काळजी वाटायला लागली होती. मग एका रविवारी ते दोघं मेहुण्याकडे गेले. पुढच्या खोलीत काचेचं कपाट उभं होतं, त्याला कुलूप होतं, आणि आत सासऱ्यांचा कॅमेरा. काकू नेहमीप्रमाणे सरळ तिकडे गेल्या. हात काचेला लागला.

"ताई, कपाट उघडत नाही मी," मेहुणा म्हणाला. "हाताळलं की भाव उतरतो."

"ते ठिगळ मी शिवलंय रे," काकू म्हणाल्या. "तू पाळण्यात होतास."

मेहुण्याने आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "हे बाहेर कुठे बोलू नकोस हं, ताई."

परतीच्या वाटेवर काका सगळा रस्ता बोलत होते. मेहुण्याला, चष्मेवाल्याला, जुळाऱ्याला, टेलिफोनचा शोध लावणाऱ्याला त्यांनी शिव्या घातल्या, आणि मग सगळे संपल्यावर स्वतःला. कॅमेरा वाचवायला गेलो आणि काचेत घालून बसलो. चष्मेवाल्याच्या काचेत निदान रस्त्यावरून तरी दिसला असता. घर आलं तेव्हा काकू म्हणाल्या की एवढं काय बोलताय, पुस्तक तुमचं आहे ना, मग पुढच्या वेळी नीट लिहा. आणि काय लिहायचं, तेही त्यांनी सांगितलं.

पुढच्या आवृत्तीत त्या ओळीखाली एक टीप आली. "शिवलेल्या भात्याचं कापड हात न लागल्यास कडक होऊन घडीवर तुटतं. वरचेवर बोट फिरवावं, शक्यतो ओळखीच्या हाताने." काकांनी खात्री करून घ्यायला एका छत्रीवाल्याला आणि एका चांभाराला विचारलं. दोघंही म्हणाले, जुन्या कापडाचं असंच असतं. तेव्हाच त्यांनी ती छापायला दिली.

तेव्हापासून जेवणाच्या वेळी येणाऱ्या फोनांमध्ये मेहुण्याच्या फोनाची भर पडली. ताई, बरेच दिवस झाले, आली नाहीस. ताई, कापड जरा कडक वाटतंय का गं, येऊन बघतेस? काकू हातातलं ठेवून निघायच्या. काका एकटे जेवायचे आणि भाजीला नावं ठेवायचे. कपाटाचं कुलूप मेहुणा स्वतः काढायचा आणि काकूंचं बोट फिरेपर्यंत मागे हाताची घडी घालून उभा राहायचा.

मग काकूंना ताप आला. साधाच, पण चिवट. उठवेना. मेहुण्याचे फोन येत राहिले आणि काका त्याच्यावर खेकसत राहिले की तिला धड पाणी प्यायला उठता येत नाही, तुझ्या कापडाचं काय घेऊन बसलास. एका दुपारी दार वाजलं. दारात मेहुणा, घामाघूम, आणि त्याच्या कवेत चादरीत गुंडाळलेलं ते धूड. तिवई घरीच ठेवली होती. तेवढं ओझं घेऊन तो बसमधून उभ्याने आला होता.

त्याने कॅमेरा काकूंच्या अंथरुणावर, उशीच्या बाजूला ठेवला आणि भाता उघडला. काकूंनी डोळे मिटलेलेच ठेवून हात पुढे केला. बोट घड्यांवरून गेलं आणि न शोधता बरोबर ठिगळावर थांबलं. मग टाक्यांवरून एकेक करत सरकायला लागलं. मेहुणा वाकून ते बोट बघत होता. आजवर तो त्या वेळी कापडाकडे बघायचा.

काका दारात उभे होते. आता हा भावाचं काहीतरी बोलणार आणि आपण याला घराबाहेर काढणार, अशी त्यांनी तयारी ठेवली होती.

"ताई," मेहुणा म्हणाला, "छत्री कोणाची होती गं?"

"आईची. नवी होती," काकू म्हणाल्या. "मार बसला मला. तू रडायला लागलास म्हणून थांबली ती."

मेहुणा खाली जमिनीवरच बसला. आई कशाने मारायची, बाबा तेव्हा कुठे होते, असं तो विचारत राहिला आणि काकू डोळे मिटून सांगत राहिल्या. संध्याकाळी निघताना त्याने चादर तेवढी घडी करून काखेत घेतली. कॅमेरा तिथेच उशीशेजारी राहिला.

दुसऱ्या दिवशी काका जेवायला बसले आणि फोन वाजला. रोखपाल होता. शिवलेल्या भात्याचा आणखी एक कॅमेरा चष्मेवाल्याकडे आलाय म्हणे, दोरा मात्र जरा नवा वाटतोय, पुस्तकातला भाव काय धरायचा? काकांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, एक हात भात्यावर.

"रेघ," काका म्हणाले आणि फोन खाली ठेवून पुन्हा जेवायला बसले.